स्विचवरील लिंक अ‍ॅग्रिगेशन (अनेक पोर्ट एका गटात बांधणे) सर्व्हरला आपोआप ओळखता येईल का?

प्रश्न (जळगाव)
आमच्याकडे डेबियनवर चालणारे अकरा सर्व्हर असून प्रत्येकाला चार नेटवर्क पोर्ट आहेत. स्विच दुसऱ्या विभागाच्या ताब्यात आहे आणि त्यावर कोणते पोर्ट एका गटात बांधले आहेत, याची नोंद कोणाकडेच नाही. सर्व्हर सुरू होताना स्क्रिप्टनेच गट ओळखून बाँड (सर्व्हरच्या बाजूने पोर्टांची जोडणी) तयार करावा, हे शक्य आहे का? एका सर्व्हरवर मी अंदाजाने दोन पोर्ट जोडले. परंतु चौघांनी एकदम बॅकअप घेतला तरी वेग एका पोर्टपुरताच मिळतो.

उत्तर (भुसावळ)
अंदाज करण्याआधी ऐकावे. स्विचवर एलएसीपी (पोर्टांचे गट आपसांत ठरवणारा प्रोटोकॉल) अ‍ॅक्टिव्ह असेल, तर सर्व्हरने काही न विचारताही तो आपली पॅकेट पाठवत राहतो. पोर्ट अप करून टीसीपीडम्पने इथरटाइप (पॅकेटचा प्रकार सांगणारा हेक्स आकडा) ८८०९ ची पॅकेट प्रत्येक पोर्टवर किमान ४० सेकंद टिपावीत, कारण संथ गतीत ती ३० सेकंदांतून एकदाच येतात. प्रत्येक पॅकेटमध्ये स्विचची सिस्टिम आयडी आणि ‘की’ (गटाचा क्रमांक) असते. ज्या पोर्टांवर ही दोन्ही सारखी दिसतील, ते एका गटाचे धरून मोड ४ चा (एलएसीपी वापरणारा) बाँड करावा.

वेगासाठी हॅश पॉलिसीही (कोणते पॅकेट कोणत्या पोर्टने जावे हा नियम) तपासा. मूळची लेयर २ पॉलिसी मुख्यतः मॅक (हार्डवेअर) पत्ते पाहते, त्यामुळे राउटरपलीकडची सगळी वाहतूक एकाच पोर्टवर जाते. लेयर ३+४ (आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक पाहणारी) ठेवल्यास जोडण्या विभागल्या जातील, मात्र एकटी जोडणी दोन पोर्टांवर पसरणार नाही. आमच्या यार्डात रूळ कितीही असले तरी एक गाडी एकाच रुळावरून जाते.

उत्तर (धुळे)
भुसावळच्या भाऊंचे म्हणणे बरोबर आहे, पण काही ऐकू आले नाही म्हणजे गट नाही, असे स्क्रिप्टने मानू नये. पॅसिव्ह स्विच आपणहून बोलत नाही. तेव्हा तात्पुरता मोड ४ चा बाँड उभारून त्याची स्थिती दाखवणाऱ्या प्रॉक फाइलमध्ये पार्टनरचा, म्हणजे समोरच्या स्विचचा, मॅक पत्ता पाहावा. तो सगळा शून्य असेल, तर समोर एलएसीपी नाही.

खरी अडचण स्टॅटिक (एलएसीपीविना हाताने बांधलेल्या) गटाची आहे. तेथे अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एक पोर्ट चालू, बाकीचे राखीव) सुरक्षित वाटतो, पण स्विच राखीव पोर्टवरही पॅकेट पाठवतो आणि बाँडिंग ती टाकून देते. असा गट स्विचच्या एलएलडीपीतून (शेजारच्या उपकरणाला स्वतःची माहिती देणारा प्रोटोकॉल) कळू शकतो. मात्र इंटेल एक्स७१० कार्डांचे फर्मवेअर ती पॅकेट स्वतःच गिळते, म्हणून फर्मवेअरचे हे काम आधी इथटूलने (कार्डाच्या सेटिंग बदलणारी आज्ञा) बंद करावे.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे आभार. मी जोडलेल्या दोन पोर्टांच्या की वेगळ्या निघाल्या आणि अ‍ॅग्रिगेटर आयडीही (बाँडने पोर्टला दिलेला गट क्रमांक) वेगळे होते, म्हणजे दुसरा पोर्ट नुसताच बसून होता.