मदत हवी आहे: इंग्रजी क्रियापदापुढे कोणतं प्रीपोझिशन, हे कसं ठरवता?

इन, ऑन, अ‍ॅट वेळ किंवा जागा सांगत असतील तर फारसं अडत नाही. अडतं ते क्रियापदाला चिकटून येणाऱ्या प्रीपोझिशनपाशी. मराठी प्रत्ययावर विसंबावं, तर तो कधी साथ देतो, कधी तोंडघशी पाडतो. 'वर अवलंबून' म्हणून 'डिपेंड ऑन', इथवर छान. पण 'तिच्याशी लग्न केलं' यातला 'शी' इंग्रजीत गायबच: 'ही मॅरीड हर'. विवाहित असल्याचं सांगताना 'मॅरीड टू'. 'विथ' तिथेही नाहीच!

'डिस्कस अबाउट' चूक, पण 'टॉक अबाउट' बरोबर आणि 'डिस्कशन अबाउट'सुद्धा. 'रीच्ड द स्टेशन', पण 'अराइव्ह्ड अ‍ॅट द स्टेशन'. यामागे काही सूत्र आहे की नुसतं पाठांतर? शिवाय 'अ‍ॅग्री'पुढे विथ, टू, ऑन तिन्ही दिसतात. आणि 'लुक फॉरवर्ड टू'नंतर 'मीट' न येता 'मीटिंग' का?

प्रतिसाद १
अर्धं सूत्र आहे. क्रियापद सकर्मक असेल तर कर्म थेट येतं: डिस्कस, रीच, अवेट. अकर्मकाला मध्ये दुवा लागतो: टॉक अबाउट, अराइव्ह अ‍ॅट, वेट फॉर. नामालाही थेट कर्म घेता येत नाही, म्हणून 'डिस्कशन'ला 'अबाउट' लागतं. दुवा नेमका कोणता, याला मात्र नियम नाही. लर्नर्स डिक्शनरीत क्रियापदाशेजारीच तो दिलेला असतो. शब्द पाठ करताना दोन्ही एकत्रच करा.

'अ‍ॅग्री'चं सोपं आहे. माणसाशी किंवा मताशी सहमत असाल तर विथ, प्रस्तावाला होकार दिलात तर टू, दोघांनी मिळून काही ठरवलं तर ऑन. ब्रिटिश लोक 'अ‍ॅग्रीड अ डील' असं थेटही लिहितात, त्याने गोंधळू नका.

प्रतिसाद २
'टू'ची परीक्षा: पुढे नाम ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू द पार्टी' चालतं, म्हणजे हा 'टू' प्रीपोझिशन; पुढे क्रियापद आलं तर आयएनजी हवंच. 'वॉन्ट टू द पार्टी' चालत नाही, म्हणून 'वॉन्ट टू मीट'.

धागाकर्ता
दोघांचे आभार! मग 'आन्सर द क्वेश्चन', पण नाम असेल तर 'अ‍ॅन आन्सर टू द क्वेश्चन', असंच ना?

प्रतिसाद १
बरोबर. फक्त क्रियापदाला 'टू' जोडून 'आन्सर टू द बोर्ड' म्हटलंत, तर अर्थ होतो बोर्डाला जबाबदार असणं.