क्वाडच्या मडगार्डावरचा ४३ नेमका कशाचा?

सोलापुरी_मॉडेलवाला:
नमस्कार मंडळी, १:३५ मापाचं दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश किट जोडतोय, २५ पौंडी तोफ, तिचा लिंबर (तोफेमागची दारूगोळ्याची जोडगाडी) आणि ती ओढणारी मॉरिस क्वाड गाडी. आपल्या सोलापूरच्या उन्हात रंग ब्रशवरच वाळतोय म्हणून रात्री दहानंतर बसतो, त्यामुळं दोन महिने गेले. आता डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) लावायचेत आणि तिथंच अडलोय. नॉर्मंडी १९४४, ४३ वी वेसेक्स डिव्हिजन करायचीय. शीटवर लाल-निळे चौकोन आहेत, त्यात पांढरे आकडे ४२, ४३, ४४. डिव्हिजन ४३ वी म्हणून मी ४३ लावणार होतो, पण मग बाकीचे दोन कशाला दिलेत? आणि निळ्या चौकोनात एकाच कोपऱ्यात लाल असं अजून एक चिन्ह आहे, ते कशाचं? एकच शीट आहे की ओ, भिजवायच्या आधी विचारलेलं बरं.

जुना_ब्रश:
थांबा, त्या ४३ चा डिव्हिजनच्या नंबराशी काही संबंध नाही. वर लाल खाली निळा म्हणजे रॉयल आर्टिलरी, ब्रिटिश तोफखाना, मग डिव्हिजन कुठलीही असो. आतला आकडा डिव्हिजनमधली जागा सांगतो, इन्फंट्री डिव्हिजनच्या तीन फील्ड रेजिमेंटना ४२, ४३, ४४, अँटी-टँकला ४६, हलक्या विमानविरोधी तोफांना ४७. म्हणजे ५० व्या डिव्हिजनच्या गाडीवरपण तुम्हाला ४३ सापडेल, फक्त तिथं शेजारी काळ्यावर लाल दोन टी असतील. वेसेक्सचं चिन्ह निळ्यावर सोनेरी वायव्हर्न, दोन पायांचा पंखवाला ड्रॅगन. त्यांच्या रेजिमेंट ९४, ११२ आणि १७९, तेव्हा वायव्हर्न आणि ४३ एकत्र लावले की गाडी ११२ व्या फील्ड रेजिमेंटची झाली. सहसा एका मडगार्डावर डिव्हिजनचं चिन्ह आणि दुसऱ्यावर हा चौकोन असतो.

लाल कोपरावाला चौकोन बॅटरीचा, म्हणजे रेजिमेंटमधल्या तोफांच्या तुकडीचा. रेजिमेंटमध्ये तीन बॅटऱ्या, एकेकीत आठ तोफा, चार-चारचे दोन ट्रूप, असे ए ते एफ सहा ट्रूप. बॅटरी बदलली की लाल रंगाचा कोपरा बदलतो. ए आणि बी एकाच बॅटरीचे, म्हणून त्यांचा कोपरा एकच पाहिजे. इथं लई जण चुकतात, सुंदर रंगवलेलं मॉडेल असतं आणि दोघांचे कोपरे वेगळे, बघून जीव हळहळतो.

बार्शीकर:
जुने फोटो बघून लावत असाल तर एक सांगतो. माझे आजोबा इटलीत आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये ड्रायव्हर होते, घरी एक फोटो आहे, बोनेटला टेकून उभे आहेत. गाडीवरच्या चौकोनाचा वरचा भाग काळाकुट्ट आणि खालचा पांढुरका दिसतो, त्यामुळं मी कित्येक वर्षं तोफखाना सोडून दुसरंच काहीतरी समजत होतो. नंतर कळलं की तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही, लाल काळा उतरतो आणि निळा फिका. तोच चौकोन पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या, फिल्मवर वेगळा दिसतो, म्हणून कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवू नका. सेन्सॉरनं खोडलेली चिन्हंपण असतात, तिथं नुसता पांढरा डाग दिसतो.

जुना_ब्रश:
बार्शीकर, फोटो नीट जपा, शक्य झालं तर स्कॅन करून घ्या. मॉडेलवाले, अजून दोन गोष्टी राहिल्या. गाडीच्या नंबराआधीचं अक्षर बघा, तोफ ओढणाऱ्या ट्रॅक्टरला एच, लॉरीला एल, लहान ट्रकला झेड, मोटारसायकलला सी. पुढं पिवळ्या गोलात काळा आकडा असतो तो पुलासाठी, गाडीचा भारवर्ग. आणि रंग कुठला मारलाय? एप्रिल १९४४ पासून ऑलिव्ह हिरवा आला पण नॉर्मंडीत जुन्या तपकिरी गाड्यापण भरपूर होत्या, त्यामुळं तपकिरी मारला असेल तर घासत बसू नका.

सोलापुरी_मॉडेलवाला:
तपकिरीच मारलाय, बरं झालं सांगितलंत! वायव्हर्न, ४३ आणि बी ट्रूप पक्कं केलं. आत्ता शीट परत बघितली तर नंबर सगळे एलचे आहेत, क्वाडला चालणार नाहीत, एच बारीक ब्रशनं हातानं लिहितो. उद्या रात्री बसतो, फोटो टाकतो.