चिनी वाक्यातील प्रश्नवाचक शब्दाची जागा

नवशिका:
मी मँडरिन शिकत आहे. ‘नी माय ल शन्मं?’ म्हणजे ‘तू काय विकत घेतलेस?’ यातील ‘शन्मं’ (काय) हा शब्द उत्तरातील ‘शू’ (पुस्तक) जिथे येईल तिथेच बसतो. इंग्रजीप्रमाणे तो वाक्याच्या आरंभी जात नाही. मराठीच्या सवयीमुळे एवढे सहज पटले. परंतु ‘नी च्युएत शेइ हुइ लाय?’ याचा शब्दक्रम ‘तुला वाटते कोण येईल’ असा असूनही तो संपूर्ण वाक्याचा प्रश्न कसा ठरतो?

भाषावेध:
ते मुख्य क्रियापदावर ठरते. ‘च्युएत’ (वाटणे) प्रश्नाला पोटात घेत नाही, म्हणून ‘शेइ’ (कोण) जागचा न हलता त्याचा प्रश्न बाहेरच्या वाक्याला लागू होतो. उलट ‘वो श्यांग च्रताओ शेइ हुइ लाय’ यात तो आतच राहतो आणि ‘कोण येईल हे मला जाणून घ्यायचे आहे’ असे विधान तयार होते. भाषाशास्त्रज्ञ जेम्स ह्वांग यांनी १९८२ च्या आपल्या प्रबंधात क्रियापदांचे हे भेद मांडले. मराठीत ‘तुला वाटते की कोण येईल?’ चालत नाही. ‘तुला काय वाटते, कोण येईल?’ अशी जोड द्यावी लागते, किंवा पोटवाक्य आधी आणून ‘तुला कोण येईल असे वाटते?’ असे विचारावे लागते. चिनीत पोटवाक्य क्रियापदानंतर येऊनही काही अडत नाही, आणि मला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

मात्र ही मोकळीक सर्व शब्दांना नाही. ‘नी शीह्वान शेइ श्ये त शू?’ (तुला कोणी लिहिलेली पुस्तके आवडतात?) हे शुद्ध आहे, पण ‘वेइशन्मं’ (का) घालून ‘नी शीह्वान था वेइशन्मं श्ये त शू?’ असे म्हणून त्याच्या लिहिण्याचे कारण विचारता येत नाही.

जुनीपोथी:
प्राचीन चिनीत नियम निराळा होता. ‘लुन-यू’ या कन्फ्यूशिअसच्या वचनांच्या संग्रहात ते विचारतात, ‘वू शेइ छी? छी थ्येन हू?’ म्हणजे ‘मी कोणाला फसवतो? आकाशाला फसवतो का?’ (उच्चार आजचे दिले आहेत.) ‘छी’ म्हणजे फसवणे, ‘शेइ’ हे कर्म त्याच्या आधी आले आहे, तर ‘थ्येन’ हे साधे कर्म नंतर. त्यामुळे ‘जागा न सोडणे’ हा आधुनिक चिनीचा गुण मानावा.

नवशिका:
आभारी आहे. मग ‘नी श्यांग छ्र त्यार शन्मं मा?’ यात शेवटी ‘मा’ का आहे?

भाषावेध:
‘मा’ हो-नाही उत्तराचा प्रश्न करतो, त्यामुळे ‘शन्मं’चा अर्थ ‘काही’ असा होतो: ‘तुला थोडे काही खायचे आहे का?’ ‘मा’ काढल्यास ‘काय खायचे आहे?’ हा अर्थ परततो.