ॲड्रिनलची गाठ : ग्रंथी काढावी की केवळ गाठ जाळावी?

प्रश्न
माझ्या वहिनींना रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू आहेत, तरीही तो आटोक्यात येत नाही. पोटॅशियम वारंवार कमी येत असल्याने अल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ धरून ठेवणारे, रक्तदाब वाढवणारे ॲड्रिनलचे संप्रेरक) आणि रेनिन (अल्डोस्टेरॉनला चालना देणारे मूत्रपिंडातील द्रव्य) यांचे गुणोत्तर तपासले. ते बरेच वाढलेले निघाले आणि सीटी स्कॅनमध्ये डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत (मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथीत) दीड सेंटीमीटरची गाठ दिसली. डॉक्टर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ग्रंथी काढावी असे म्हणतात. जठरातून सुई नेऊन फक्त गाठ जाळता येते, असे वाचनात आले. ही पद्धत कितपत भरवशाची आहे?

प्रतिसाद १
डावी ॲड्रिनल जठराच्या अगदी मागे असल्यामुळे, टोकाला सोनोग्राफी बसवलेली एंडोस्कोपीची नळी तोंडावाटे जठरात नेऊन तिथून गाठीत सुई घालता येते आणि रेडिओ लहरींच्या उष्णतेने गाठ जाळता येते. उरलेली ग्रंथी शाबूत राहते, पोटावर छेद पडत नाही. ब्रिटनमधील २८ रुग्णांवरील अभ्यास २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गंभीर गुंतागुंत आढळली नाही. मात्र तो मुख्यतः सुरक्षिततेचा अभ्यास होता. शस्त्रक्रियेमागे कित्येक वर्षांचा अनुभव आहे, तसा या पद्धतीमागे अजून नाही. उजवी ग्रंथी यकृतामागे, मोठ्या शिरेला लागून असल्याने तिथे ही वाट तितकी सोपी नाही.

जाळताना शेजारच्या निरोगी भागाला उष्णता लागली, तर ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये सुटून रक्तदाब एकदम उसळू शकतो; म्हणून भूलतज्ज्ञ तयारीनिशी हजर हवेत. शिवाय संपूर्ण गाठ पॅथॉलॉजीकडे जात नाही, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद २
मी शस्त्रक्रिया करून घेतलेला रुग्ण आहे. जाळणे की काढणे, यापूर्वी एक प्रश्न सुटायला हवा : अल्डोस्टेरॉन त्याच गाठीतून येते का? सीटीत दिसणारी गाठ निरुपद्रवी असू शकते आणि खरा दोष दोन्ही ग्रंथींत असू शकतो. तसे असेल तर कोणतीही एक बाजू हाताळून फारसा उपयोग नाही, अल्डोस्टेरॉनचा परिणाम रोखणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळीच घ्यावी लागते. दोष एका बाजूला आहे की दोन्ही, हे ठरवण्याकरिता जांघेतून बारीक नळी नेऊन दोन्ही ॲड्रिनल शिरांतील रक्त वेगवेगळे घेतात. उजवी शीर आखूड असून सरळ मोठ्या शिरेत उघडते, त्यामुळे ती सापडणेच कठीण. नमुना योग्य जागचा आहे का, हे त्यातील कॉर्टिसॉल या ॲड्रिनलच्याच दुसऱ्या संप्रेरकावरून पडताळतात. माझ्या बाबतीत उजव्या बाजूचा नमुना पहिल्यांदा बाद ठरला आणि सगळे पुन्हा करावे लागले. म्हणून ही तपासणी नेहमी करणाऱ्या हातांकडेच जावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचे आभार. वहिनींची ही तपासणी झालेलीच नाही. सध्या स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे, ते त्यापूर्वी थांबवावे लागेल का?

प्रतिसाद १
बहुधा काही आठवडे आधी थांबवतात, कारण त्याने रेनिन वाढून निष्कर्ष बिघडू शकतो. मात्र गोळी परस्पर बंद करू नका. तेवढ्या काळासाठी दुसरी औषधे द्यावी लागतात आणि पोटॅशियम भरून काढावे लागते. तपासणीत केवळ डावी बाजू दोषी ठरली, तरच जाळण्याचा विचार पुढे न्यावा, आणि तोही शक्यतो एखाद्या अभ्यासात सहभागी होऊन.