मदत हवी आहे : फिशटँकमध्ये गोगलगायींचा सुळसुळाट

नमस्कार मंडळी. लातूरला घरी दोन फुटी टँक आहे, साधारण 55 लिटरचा. आत गप्पी, सहा निऑन टेट्रा अन् लेकीनं हौसेनं आणलेली लाल चेरी कोळंबी. दिवाळीत हायड्रिला ही पाणवनस्पती आणली आणि तशीच सोडली, तिथंच चुकलं. पानाच्या खालच्या अंगाला जेलीसारखे चिकट ठिपके होते, ती अंडी होती हे आता कळतंय.

रात्री काकडीची चकती दोऱ्याला बांधून सोडतो. सकाळी तीस-चाळीस गोगलगायी चिकटून निघतात, साबुदाण्याएवढ्या. तरी दुसऱ्या दिवशी काच भरलेलीच! खाद्य एकवेळ केलंय, उरलंसुरलं पाइपनं ओढून घेतो.

दुकानदार म्हणतो तांब्याचं औषध टाका. पण तांब्यानं कोळंबी आधी मरते, माझा हात धजत नाही. गोगलगायी खाणारा बोटिया मासा सोडावा तर तोही कोळंबीच खाणार. टँक पूर्ण रिकामा करावा तर आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात त्याहून उशिरा.

दुसऱ्या गोगलगायी खाणारी असॅसिन गोगलगाय कुणी पाळलीय का? एवढ्या टँकला किती लागतील, कोळंबीच्या पिल्लांना धोका आहे का? नांदेड किंवा संभाजीनगरला मिळत असेल तर जरूर सांगा, मी येऊन नेतो.