मदत हवी आहे: घर बदलणाऱ्या मैत्रिणीसाठी काय बेक करू?

माझ्या मैत्रिणीचा नवरा अलीकडेच गेला. आता ती दोन मुलांना घेऊन लहान घरात राहायला जातेय. बांधाबांध चालू आहे, भांडी खोक्यांत गेलीत. तिला जेवणाचं भान नसतं, पण परवा केळ्याच्या केकचा तुकडा हातात दिला तर उभ्या उभ्या खाल्ला. म्हणून हे मनात आलं.

ताटली-चमचा लागणार नाही, क्रीम-आयसिंग नसेल आणि बाहेर दोन-तीन दिवस टिकेल असं काय करू? लोण्याऐवजी तेल घातलं की केक गार झाल्यावरही मऊ राहतो, तेवढं मी करतेच. काप गुंडाळून फ्रीजरमध्येही ठेवता येतील. ओट्सच्या बिस्किटांचा नेता-आणताना चुरा होतो का?

खरी अडचण वेगळीच आहे. मुलांचे बाबा रविवारी सफरचंद-दालचिनीचा केक करायचे. धाकटी तोच मागतेय. मोठा मात्र त्याचं नाव काढलं की उठून जातो. नव्या घरी तो करून न्यावा का? की आधी मोठ्याशी बोलू? अशा प्रसंगातून गेलेल्यांनी कृपया सांगा, शनिवारी सामान हलतंय.