उत्तर : आधी आईची तपासणी

आई आणि मावशी दोघींना स्तनाचा कर्करोग झाला, मग मी थेट बीआरसीए टेस्ट (स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा, बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांतला दोष शोधणारी तपासणी) करून घेऊ का, असा तुमचा प्रश्न आहे. शक्य असेल तर आधी आईची करा. आजार झालेल्या व्यक्तीत दोष सापडला तरच तुमच्या 'निगेटिव्ह'ला खरा अर्थ. नाहीतर तो रिपोर्ट नुसताच खोटा दिलासा.

आनुवंशिकी समुपदेशक आधी तीन पिढ्यांची वंशावळ काढायला लावतात. कोणाला, कुठला कर्करोग, कितव्या वर्षी. त्यात वडिलांकडची माणसं हमखास राहून जातात. 'स्तनाचा रोग म्हणजे आईकडूनच' हा समज फार पक्का आहे आपल्याकडे! प्रत्यक्षात दोष वडिलांकडूनही येतो, आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के.

रिपोर्टमध्ये कधीकधी 'व्हीयूएस' येतं, म्हणजे बदल आहे पण घातक की निरुपद्रवी ते ठरलेलं नाही. एवढ्यावरून शस्त्रक्रिया करत नाहीत.

दोष नक्की असेल तर साधारण पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय. दोष बीआरसीए१मध्ये असल्यास मुलं झाल्यावर, ३५ ते ४० वयात, बीजांडकोश आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात, कारण बीजांडकोशाचा कर्करोग लवकर पकडणारी खात्रीची चाचणी नाही. स्तन काढायचे की नाही हा निर्णय मात्र सर्वस्वी तुमचा; त्यासाठी घाई करणारा डॉक्टर मला तरी पटत नाही.

टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात कर्करोग-आनुवंशिकी विभाग आहे. जाताना आईचा बायोप्सी रिपोर्ट न्या.